जबड्याचे दुखणे आणि बाळाची चिकटलेली जीभ: हाताने करायच्या उपचारांचा उपयोग आणि मर्यादा

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:
- जबड्याच्या सांध्याची आणि जिभेखालच्या बंधाची रचना सोप्या शब्दांत सांगणे.
- हाताने केलेल्या उपचाराने काय बदलते आणि काय बदलत नाही, यातील फरक ओळखणे.
- कोणत्या लक्षणांत हात न लावता थेट डॉक्टरांकडे जायचे, हे सांगणे.
- स्तनपानाची अडचण असलेल्या आईला पहिली योग्य मदत कोणती, हे समजावून देणे.

१. प्रस्तावना

समजा, तुम्ही जयपूरच्या जगतपुरा भागात शिकता. महल रोडच्या आसपास बरीच खासगी विद्यापीठे आणि वसतिगृहे आहेत, त्यांपैकी एका वसतिगृहात तुमची खोली आहे. परीक्षेचा आठवडा चालू आहे. सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो आणि जांभई देताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज होतो. शेजारच्या खोलीतली मैत्रीण सांगते, ‘डोक्याला आणि जबड्याला नुसता हलका हात लावून बरे करतात, जाऊन ये एकदा.’ त्याच आठवड्यात साताऱ्याहून ताईचा फोन येतो. बाळ तीन आठवड्यांचे आहे. ते दूध ओढते तेव्हा ताईला असह्य दुखते, स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत. कोणीतरी सांगितले आहे की बाळाची जीभ खाली चिकटली आहे आणि हलक्या हाताने चोळून ती मोकळी करता येते.

दोन्ही ठिकाणी सुचवलेला उपाय एकच आहे, हलका हात. पण दोन्ही ठिकाणचे उत्तर एक नाही. जबड्याच्या बहुतेक दुखण्यात प्रशिक्षित हाताचा खरा उपयोग होतो. बाळाच्या जिभेखालचा बंध मात्र चोळून सैल होतो, याला आधार नाही. तिथेही हाताला काम आहे, पण ते वेगळे आहे. हा फरक रचनेतून कसा येतो, ते आपण क्रमाने पाहू.

२. जबड्याचा सांधा कसा चालतो

दोन्ही तर्जन्या कानाच्या छिद्रांच्या किंचित पुढे ठेवा आणि तोंड हळू उघडा. बोटाखाली जे हलते तो खालच्या जबड्याच्या हाडाचा गोलसर माथा. तो कवटीच्या खोबणीत बसतो. दोन्ही हाडांच्या मध्ये तंतुमय ऊतीची एक लहान चकती असते.

तोंड उघडताना दोन हालचाली होतात. सुरुवातीला माथा जागच्या जागी फिरतो. तोंड आणखी उघडले की तो चकतीसह पुढे सरकतो. दुसऱ्या हालचालीत चकती जागेवरून थोडी घसरलेली असेल, तर ती परत बसताना ‘कट्’ असा आवाज येतो. असा आवाज पुष्कळ निरोगी माणसांतही ऐकू येतो. त्याबरोबर वेदना नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्यावर उपचाराची गरज सहसा नसते.

जबडा चालवणारे मुख्य स्नायू चार आहेत. गालातला मॅसेटर, कानशिलावरचा टेम्पोरॅलिस आणि आतल्या बाजूचे दोन टेरिगॉइड. दात घट्ट दाबा. गालात आणि कानशिलावर जो फुगवटा हाताला लागतो, तो पहिल्या दोन स्नायूंचा.

तोंड किती उघडते हे घरीच पाहता येते. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी जोडून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये धरा. बहुतेक प्रौढांची तीन बोटे मावतात, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर किंवा अधिक.

३. जबडा का दुखतो

तरुण वयातील जबड्याच्या दुखण्याचे सर्वांत नेहमीचे उगमस्थान स्नायू हे आहे. ताणात, एकाग्रतेत किंवा झोपेत आपण दात आवळून धरतो. खरे तर जबडा आरामात असताना ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटलेले असतात. हे वाचताना तुमचे दात टेकलेले आहेत का, पाहा. टेकलेले असतील, तर तुमचे स्नायू या क्षणीही काम करत आहेत.

दुसरे उगमस्थान सांधा आणि त्याची चकती. यात वेदना कानापुढे एका बिंदूवर दाखवता येते आणि कधी तोंड मध्येच अडकते. तिसरी शक्यता अशी की दुखण्याचे मूळ जबड्यात नसतेच. अक्कलदाढ, कान, सायनस, मान, अगदी हृदयसुद्धा आपली वेदना जबड्यात पाठवू शकते. म्हणून कोणत्याही उपचाराआधी निदान हवे.

४. जबड्यावर हाताने काय साधते

भौतिकोपचारात, म्हणजे फिजिओथेरपीत, जबड्यासाठी तीन प्रकारचे काम हाताने केले जाते. पहिले, दुखऱ्या स्नायूवर, विशेषतः त्यातील कळ उठणाऱ्या बिंदूंवर, स्थिर दाब देणे. दुसरे, हातमोजा घालून अंगठा खालच्या दाढांवर ठेवून जबडा हलकेच खाली आणि पुढे ओढणे, म्हणजे सांध्याची हालचाल सुटी करणे. तिसरे, व्यायाम शिकवणे आणि मानेची ठेवण सुधारणे.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. तीन महिने किंवा अधिक काळ टिकणारे दुखणे, हा त्यांचा विषय. देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम व ताण, कळीच्या बिंदूंवर हाताने दाब, उपचारकाच्या मदतीने सांध्याची हालचाल, ठेवण सुधारणारे व्यायाम आणि वेदनेकडे पाहण्याची सवय बदलणारी मानसोपचार पद्धत या उपायांची त्यात ठाम शिफारस आहे. कायमस्वरूपी बदल घडवणारे दातांचे साचे आणि सांध्यातील चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांच्याविरुद्ध तितकाच ठाम सल्ला आहे. सौम्य, परतवता येणारे उपाय आधी, असा त्याचा रोख आहे.

हे उपाय कसे काम करतात? ‘गाठ फोडली’, ‘हाड जागेवर बसवले’ अशी भाषा आपण ऐकतो. स्नायूत फोडण्यासारखी गाठ नसते. दाबामुळे आणि सावकाश ताणामुळे मज्जासंस्थेला ‘इथे धोका नाही’ असा संदेश मिळतो, स्नायूचा आवळलेपणा उतरतो आणि वेदनेची संवेदनशीलता कमी होते. हा परिणाम काही तास किंवा काही दिवसांचा असतो. तो टिकवतात रोजचे व्यायाम आणि बदललेली सवय. म्हणून चांगला उपचारक पहिल्याच भेटीत तुम्हाला घरी करायचे काम देतो.

घरी करता येईल अशी साधी दिनचर्या:
- कोमट पाण्यात पिळलेला कपडा गालावर दहा मिनिटे ठेवा.
- दोन बोटांनी मॅसेटरचा दुखरा भाग शोधा आणि सोसवेल इतकाच दाब देऊन अर्धा मिनिट थांबा. चोळू नका.
- जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवा. ते तसेच ठेवून तोंड सावकाश उघडा-मिटा. सहा वेळा पुरे.
- दिवसातून अनेकदा स्वतःला आठवण करा: ओठ मिटलेले, दात सुटलेले.
- काही दिवस ऊस, चिक्की, कडक बाटी टाळा. मऊ भात, खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी चालेल.

५. ‘हलका स्पर्श’ आणि क्रेनिओसॅक्रल पद्धत

जबडा आणि बाळाची जीभ या दोन्हींसाठी जी एक पद्धत सुचवली जाते, ती क्रेनिओसॅक्रल उपचाराची. तिचे मूळ अमेरिकेत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम सदरलँड या ऑस्टिओपॅथने कवटीची हाडे लयीत हलतात अशी कल्पना मांडली. १९७० च्या दशकात जॉन अपलेजर यांनी तिला आजचे रूप दिले. मेंदूभोवतीच्या द्रवाची एक लय असते, ती बोटांना जाणवते आणि सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे एखाद्या नाण्याच्या वजनाएवढ्या स्पर्शाने ती सुधारता येते, असा दावा आहे.

हा दावा तपासण्याचा मार्ग सोपा आहे. एकाच व्यक्तीची लय दोन उपचारकांनी स्वतंत्रपणे मोजावी. अशा चाचण्यांत दोघांच्या मोजणीत मेळ बसलेला नाही. प्रौढाच्या कवटीची हाडे इतक्या हलक्या स्पर्शाने सरकतील, असेही रचना सांगत नाही.

मग लोकांना बरे का वाटते? शांत खोलीत पाऊण तास पडून राहणे, कोणीतरी लक्षपूर्वक ऐकणे आणि हळुवार स्पर्श यांनी ताण उतरतोच. शिवाय दुखणे चढ-उतारांचे असते. आपण उपचाराला जातो तेव्हा ते शिखरावर असते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात ते बहुधा कमीच होणार असते. परीक्षा संपते, हेही कारण असू शकते. बरे वाटणे खरे असते, पण त्यावरून दिलेले स्पष्टीकरण खरे ठरत नाही.

६. जबड्याला हात लावण्याआधी थांबा

मराठीत ‘दातखीळ बसणे’ हा शब्द आहे. आज आपण तो भीतीने बोलती बंद होण्यासाठी वापरतो, पण मुळात ते धनुर्वाताचे लक्षण आहे. धनुर्वातात बहुधा सर्वांत आधी जबडा आवळतो. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा ताठ होत असेल, तर ते मालिशचे काम नाही, रुग्णालयाचे आहे.

आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगा दुसरा आजार म्हणजे तोंडातील सबम्युकस फायब्रोसिस. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमध्ये तो नोंदवला. १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतात त्याचे वर्णन केले. त्याचे मुख्य कारण सुपारी. गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे तंतू साचतात, गाल पांढरट व कडक होतो, तिखट लागल्यावर आग होते आणि तोंड हळूहळू कमी उघडते. त्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. महाराष्ट्राने आणि राजस्थानने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी सुपारी वेगवेगळ्या रूपांत मिळतच राहते. अशा रुग्णाला तोंड उघडण्याचे व्यायाम दिले जातात, पण साचलेले तंतू मालिशने विरघळत नाहीत. सुपारी सोडणे आणि नियमित तपासणी हा उपचाराचा पाया आहे.

पुढील लक्षणांतही आधी डॉक्टर:
- चालताना, जिना चढताना येणारी जबड्याची कळ, घाम, छातीत दडपण: हृदयविकाराची शक्यता.
- ताप, गालाला सूज, गिळताना त्रास: दातातील किंवा घशातील जंतुसंसर्ग.
- पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी आणि चावताना जबडा भरून येणे: रक्तवाहिनीचा दाह. यात दृष्टी जाण्याचा धोका असतो.
- गालाला किंवा ओठाला बधिरपणा, गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण.
- मार लागल्यानंतर दात नीट न जुळणे.

७. जिभेखालचा बंध म्हणजे काय

आरशासमोर जीभ वर उचला. खाली मधोमध एक पातळ पट्टी दिसते. तिला आपण बंध म्हणू. तो प्रत्येकाला असतो. न्यूझीलंडच्या निकी मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये केलेल्या विच्छेदन अभ्यासातून असे दिसले की हा बंध म्हणजे वेगळी दोरी नसून तोंडाच्या तळाच्या पातळ पडद्याची घडी आहे. जीभ वर जाते तेव्हा ही घडी उभी राहते. म्हणून ‘पट्टी दिसते’ म्हणजे ‘टंग-टाय आहे’ असे नाही.

बंध आखूड, जाड किंवा जिभेच्या टोकाच्या फार जवळ असेल आणि त्यामुळे जिभेची हालचाल अडत असेल, तरच त्याला टंग-टाय किंवा जिव्हाबंध म्हणायचे. निदान दिसण्यावरून होत नाही, कामावरून होते. हे काम कोणते? बाळ दूध फक्त चावून काढत नाही. अल्ट्रासाऊंडच्या अभ्यासांतून दिसते की बाळाची जीभ खाली जाते तेव्हा तोंडात पोकळी तयार होते आणि त्या ओढीने दूध वाहते. जीभ पुरेशी हलली नाही, तर पकड सुटते, स्तनाग्र चेपले जाते आणि आईला दुखते.

८. बंध हाताने सैल होतो का

आता चौथ्या भागातील तर्क इथे लावून पाहा. जबड्यावर हात उपयोगी पडतो, कारण तिथे आवळलेला स्नायू असतो आणि तो सैल होऊ शकतो. बंध हा स्नायू नाही. तो आकुंचन पावत नाही, म्हणून ‘सोडवण्याचा’ प्रश्नच येत नाही. बाळाच्या डोक्याला, टाळूला किंवा जिभेखाली चोळल्याने बंध लांबतो, हे दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही. जोरात चोळल्यास, नख लागल्यास जखम आणि जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. काही ठिकाणी नखाने बंध तोडण्याची प्रथा होती. ती कधीही करू नये.

मग कापणे हा उपाय आहे का? डॉक्टर निर्जंतुक कात्रीने बंध कापतात त्या क्रियेला फ्रेनॉटॉमी म्हणतात. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात पाच चाचण्या आणि ३०२ बाळे होती. कापल्यानंतर थोड्या काळासाठी आईचे दुखणे कमी झाले, पण बाळाच्या दूध पिण्यात सातत्याने सुधारणा दिसली नाही. ब्रिटनमधील फ्रॉस्टी चाचणी पुरेशी बाळे न मिळाल्याने १६९ वर थांबली. तिसऱ्या महिन्यात कापलेल्या आणि फक्त स्तनपानाची मदत मिळालेल्या, दोन्ही गटांत बहुतेक बाळे आईचे दूध पीत होती. मात्र दुसऱ्या गटातील बहुसंख्य बाळांचाही बंध नंतर कापला गेला, म्हणून हा निकाल ठोस मानता येत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही आधी स्तनपानाची नीट मदत, मग गरज पडल्यास साधी फ्रेनॉटॉमी, असाच क्रम सांगितला. कापल्यानंतर जखम वारंवार ताणण्याचे व्यायाम देण्यालाही पुरावा नसल्याचे त्यात म्हटले आहे.

बोलण्याची काळजीही घरोघरी असते. ‘मूल बोलेल ना?’ असे आजी विचारते. टंग-टायमुळे बोलणे सुरू होण्यास उशीर होत नाही. ‘र’सारखा उच्चार अनेक मुलांना उशिरा जमतो, त्यांची जीभ मोकळी असली तरीही. पुढे उच्चार अडू नयेत म्हणून तान्ह्या बाळाचा बंध आधीच कापून ठेवण्याला आधार नाही.

९. इथे हाताचे खरे काम

ताईला पहिली मदत हवी ती बाळाला स्तनाशी नीट धरण्याची. हे कामही हातानेच होते आणि अनुभवी परिचारिका किंवा स्तनपान समुपदेशक ते शिकवतात.

- बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले, कान-खांदा-कंबर एका रेषेत.
- आईचा हात बाळाच्या खांद्यांमागे. डोके मागून दाबायचे नाही.
- बाळाचे नाक स्तनाग्रासमोर. तोंड जांभईसारखे मोठे उघडेपर्यंत थांबायचे.
- उघडले की बाळाला स्तनाकडे आणायचे, स्तन बाळाकडे न्यायचा नाही. हनुवटी आधी टेकते.
- फक्त स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा, खालचा जास्त.
- दुखत राहिले तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचे.

एवढ्याने अनेक मातांचे दुखणे कमी होते, कारण पुष्कळदा अडचण बंधात नसते, पकडीत असते. दरम्यान दूध हाताने काढून वाटी-चमच्याने देता येते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. आईचे दूध थेट पिता येत नाही म्हणून बाळ त्यापासून वंचित राहू नये, हा त्यामागचा विचार. केंद्र सरकारचा २०१६ चा ‘मा’ कार्यक्रमही आरोग्य सेविका आणि आशा यांच्यामार्फत हीच मदत घरापर्यंत नेण्यासाठी आहे.

बाळाला पुरेसे दूध मिळते का? पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्माचे वजन परत भरणे, या दोन खुणा पाहा. वजन वाढत नसेल, बाळ सुस्त असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. पहिले दोन दिवस नीट चोखणाऱ्या बाळाने पहिल्या महिन्यात अचानक चोखणे थांबवले आणि अंग ताठ झाले, तर नवजात धनुर्वाताचा विचार करावा लागतो. मातांच्या लसीकरणामुळे आणि सुरक्षित प्रसूतीमुळे भारताने २०१५ मध्ये त्याचे निर्मूलन साधले, पण खूण विसरू नये.

घरची तेलमालिश करायची की नाही? हळुवार मालिश बाळाला सुखावते, जरूर करा. फक्त तोंडात बोट घालणे, टाळू दाबणे, नाक ओढणे टाळा.

१०. निर्णय कसा घ्यावा

कोणीही ‘हाताने बरे करतो’ म्हटले, तर चार प्रश्न विचारा:
१. निदान कोणी केले आणि कशावरून?
२. हाताने नेमके काय बदलणार: स्नायू, सांधा, सवय, की न दिसणारी ‘लय’?
३. किती भेटींत काय फरक दिसायला हवा आणि न दिसल्यास पुढे काय?
४. तुमची नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे?

महाराष्ट्रात भौतिकोपचारकांची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. देशपातळीवर २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे. नोंदणी विचारणे हा अपमान नाही, तो रुग्णाचा हक्क आहे.

सारांश

जबड्याच्या दुखण्यात बहुधा आवळलेला स्नायू असतो. हाताचा दाब, सावकाश हालचाल आणि रोजचा व्यायाम यांनी तो सैल होतो. बाळाच्या जिभेखालचा बंध ही पडद्याची घडी आहे, ती चोळून लांबत नाही. तिथे हात लागतो तो बाळाला नीट धरण्यासाठी. एवढे करूनही अडचण राहिली, तर बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ तपासून कापण्याचा निर्णय घेतात. आज संध्याकाळी ताईला फोन कराल, तेव्हा ‘जीभ कोणाकडून मोकळी करून घेतलीस?’ असे विचारण्याआधी ‘बाळाला लावताना शेजारी बसून कोणी दाखवले का?’ असे विचारा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. स्वतःच्या जबड्याची तीन बोटांची चाचणी करा आणि तोंड उघडताना होणाऱ्या दोन हालचाली आपल्या शब्दांत लिहा.
२. उपचारानंतर बरे वाटले, एवढ्यावरून उपचाराचे स्पष्टीकरण खरे का ठरत नाही? एक उदाहरण द्या.
३. सुपारी खाणाऱ्या मित्राचे तोंड कमी उघडते. तुम्ही त्याला काय सांगाल आणि कोणाकडे पाठवाल?
४. ‘पट्टी दिसते म्हणून कापा’ या सल्ल्यातील चूक स्पष्ट करा.